अक्कल, नक्कल आणि मदरशातला कॉम्प्युटर

प्रश्न थोडक्यात असा होता: "आमच्या मदरशाच्या कमिटीकडे थोडा निधी आलाय. कुणी म्हणतं कॉम्प्युटर घ्या, कुणी म्हणतं सायन्सचा टीचर ठेवा, आणि आमचे मोठे मौलाना म्हणतात हे सगळं बाहेरून आलेलं आहे, याने दीनी तालीम (धर्माचं शिक्षण) पातळ होईल. इस्लामी शिक्षणाच्या विचारात सुधारणा म्हणजे नक्की काय? आणि ती कधी आतून आलीय का, की दरवेळी बाहेरच्यांच्या रेट्यानेच झालीय?"

आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं. सब्जेक्ट वाढवणं म्हणजे सुधारणा नाही. आणि सुधारणा आतून आलीय, एकदा नाही, अनेकदा, इतकी की आज ज्याला आपण 'जुनं, पारंपरिक' म्हणून जपतो ते स्वतःच कुणाच्या तरी सुधारणेचं फळ आहे. मी २६ वर्षं गणित शिकवतेय, पहिली ११ शाळेत आणि नंतर मुलींच्या मदरशात, त्यामुळे हा प्रश्न मी दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसून पाहिलाय.

दोन शब्दांपासून सुरुवात करते कारण ते आपल्या मराठीतच बसलेत. नक्कल आणि अक्कल. दोन्ही अरबीतून आलेले. मदरशात विद्यांची जुनी वाटणी याच दोन शब्दांवर आहे, मनकूलात म्हणजे 'नक्ल' होऊन, एकाकडून दुसऱ्याकडे पोचत आलेलं ज्ञान (कुरआन, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं वगैरे), आणि माकूलात म्हणजे अकलेने मिळवायचं ज्ञान (मंतिक म्हणजे तर्कशास्त्र, गणित, तत्त्वज्ञान). मराठीत आपण नक्कल म्हणतो तेव्हा त्यात कमीपणा असतो, परीक्षेतली कॉपी वगैरे. मूळ शब्दात तो नाही, तिथे नक्ल म्हणजे अमानत सांभाळून पुढे पोचवणं. पण खरं सांगू का, गेल्या दोन-तीनशे वर्षांत आपल्या अनेक वर्गांमध्ये जे झालं ते मराठी अर्थाच्याच जास्त जवळ गेलं, आणि सुधारकांची सगळी तगमग ह्या एका गोष्टीवर आहे, की नक्ल राहिली पण ती समजून पुढे देणारी अक्ल वर्गाबाहेर गेली.

आता तुमच्या मौलानांचा मुद्दा, 'बाहेरून आलेलं'. त्यांना मोठे धर्मपंडित इमाम गझालींचं सांगा, ते नाव ते नाकारणार नाहीत. गझालींनी (मृत्यू ११११) इल्मचे, म्हणजे ज्ञानाचे, दोन भाग केले, फर्ज-ए-ऐन म्हणजे प्रत्येकाने शिकायलाच हवं ते, आणि फर्ज-ए-किफाया म्हणजे समाजातल्या काही लोकांनी शिकलं तर बाकीच्यांची जबाबदारी सुटते पण कुणीच नाही शिकलं तर सगळे गुन्हेगार. आणि ह्या दुसऱ्या यादीत त्यांनी वैद्यकी टाकली, हिशोब टाकला, शेती, विणकाम, शिवणकाम सुद्धा टाकलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांची तक्रार अशी की गावच्या गावं अशी आहेत जिथे एकही मुसलमान वैद्य नाही आणि तरी सगळे फिक्हच्या (धर्मकायद्याच्या) वादविवादाकडे धावतात, कारण त्यातून काझीपद मिळतं, वक्फची देखरेख मिळते, दरबारात मान मिळतो. ९०० वर्षांपूर्वीची तक्रार आहे ही! आणि दुसरीकडे त्यांनी हेही लिहिलंय की गणितासारख्या सिद्ध गोष्टी नाकारून आपण इस्लामची बाजू राखतोय असं ज्याला वाटतं तो धर्माचंच मोठं नुकसान करतो.

गझालींच्या आयुष्यातला एक प्रसंग मला टीचर म्हणून कायम हलवतो. बगदादच्या निझामिया मदरशातली त्या काळातली सगळ्यात मोठी शिक्षकाची जागा त्यांच्याकडे होती, १०९१ पासून. आणि १०९५ मध्ये शिकवता शिकवता त्यांची वाचाच बसली. ते स्वतः लिहितात की शिष्यांसाठी धडा घ्यायचा प्रयत्न करायचो पण जिभेतून शब्द निघायचा नाही. त्यांना कळलं होतं की आपण शिकवतोय ते नाव आणि मानासाठी. सगळं सोडून ते निघून गेले, आणि त्यानंतर जे लिहिलं त्याचं नावच 'धर्मविद्यांना पुन्हा जिवंत करणं' असं ठेवलं. म्हणजे बघा, परंपरेतल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एकाला वाटलं की ह्या विद्या मेल्यात, बाहेरून कुणी काही सांगायच्या आधीच.

हदीसमध्ये आहे की दर शतकाच्या टोकाला अल्लाह ह्या उम्मतसाठी (मुस्लिम समाजासाठी) दीन ताजा करणारा पाठवेल, अबू दाऊदच्या संग्रहात आहे. तजदीद हा शब्द तिथला. तजदीद म्हणजे नवं करणं, इस्लाह म्हणजे बिघडलेलं दुरुस्त करणं. हे दोन शब्द घरचेच आहेत, त्यामुळे 'सुधारणा म्हणजे बिदअत (धर्मात घुसवलेली नवी गोष्ट)' हे गणित सरळ बसत नाही.

दर्से निझामीचंच घ्या. तुमच्या मदरशात बहुतेक त्याचंच काहीतरी रूप चालत असणार. हा सिलॅबस लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निझामुद्दीन यांच्या नावाचा, ते १७४८ मध्ये वारले. त्यांच्या मूळ आराखड्यात मंतिक आणि फलसफा (तत्त्वज्ञान) भरपूर आणि हदीस अगदी थोडी होती, कारण तिथून शिकून जाणाऱ्यांना काझी व्हायचं होतं, सरकारी कारभार बघायचा होता, त्यासाठी तल्लख डोकं लागायचं. त्याच शतकात दिल्लीत शाह वलीउल्लाह (१७०३ ते १७६२) उलट दिशेने जोर लावत होते, हदीसकडे, आणि त्यांनी कुरआनचा फारसीत तर्जुमा केला, म्हणजे शिकलेल्या माणसाला निदान अर्थ तरी थेट कळावा. मग १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा उभा राहिला. निझामुद्दीनांचं नाव ठेवलं पण आतलं वजन हदीसकडे सरकवलं, आणि वर्ग, हजेरी, ठरलेला कोर्स, वार्षिक परीक्षा, लोकवर्गणी ही सगळी व्यवस्था बरीचशी त्या काळच्या इंग्रजी कॉलेजांच्या धर्तीची घेतली. त्याआधी साधारण पद्धत अशी होती की विद्यार्थी संस्थेकडे नाही, उस्तादाकडे जायचा, एक किताब त्यांच्यासमोर पूर्ण करायचा आणि त्या किताबेची इजाजत, सनद, उस्तादाच्या हातून घ्यायचा. सनदेवर संस्थेचं नाव नसायचं, माणसाचं असायचं. म्हणजे वर्ग, बाक आणि परीक्षा हे सुद्धा कधीतरी 'बाहेरून आलेलं' होतं, ते आज आपल्याला आपलं वाटतं.

इथे एक नुकसान झालं ते मात्र सांगायला हवं. १८६६ ला देवबंद, १८७५ ला सर सय्यद यांची अलीगढची संस्था. एक नक्ल सांभाळणार, एक अक्ल. दोन्हीकडे मोठी, तळमळीची माणसं होती, माझ्या मनात दोघांबद्दल आदर आहे. पण मुलाच्या डोक्याची अशी वाटणी इतकी पक्की झाली की नंतर ती जोडता जोडता लोकांचं आयुष्य गेलं. शिब्ली नोमानी अलीगढला शिकवत होते, १८९२ मध्ये इस्तंबूल आणि कैरोला जाऊन तिथलं शिक्षण बघून आले, आणि पुढे लखनौच्या नदवा या मदरशाच्या कामात पडले ते ह्याच जोडण्यासाठी. पूर्ण जमलं असं मी म्हणणार नाही.

आता माझ्या वर्गातलं सांगते.

मदरशात मला हिशोब शिकवायला ठेवलं होतं, १४-१५ वर्षांच्या मुली. अपूर्णांक काढले की चेहरे पडायचे, एक मुलगी तर वही बंदच करून ठेवायची. आणि भिंतीपलीकडे त्याच मुली दुसऱ्या तासाला 'सिराजी' घ्यायच्या, म्हणजे वारसाहक्काचं पुस्तक, फराइजचं. मला भिंतीतून ऐकू यायचं, सगळ्या एका सुरात, निस्फ, रुबा, सुमुन, सुलुसान, सुलुस, सुदुस. अर्धा, पाव, अष्टमांश, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, एक षष्ठांश. कुरआनात ठरवून दिलेले सहा हिस्से, एका दमात, न चुकता. आणि माझ्या तासाला त्यांना अर्धा अधिक दोन तृतीयांश किती ते येत नव्हतं. हीच ती भिंत, जिच्याबद्दल एवढी पुस्तकं लिहिली गेलीत, माझ्यासाठी ती साडेचार इंचाची होती.

मी मौलानांना विचारलं की तुमच्या तासातला एक मसला मला द्या. त्यांनी दिला. बाई वारली, मूलबाळ नाही, आई-वडील हयात नाहीत, मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. नवऱ्याला अर्धा, दोन बहिणींना मिळून दोन तृतीयांश. मी कागदाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीवर सहा चौकोन, आणि म्हटलं ही मालमत्ता, वाटा. नवऱ्याचे तीन चौकोन रंगवले. मग बहिणींचे चार रंगवायला गेल्या तर पट्टीवर उरले होते तीनच. जी वही बंद करून ठेवायची तीच मुलगी म्हणाली, "आपा, एक चौकोन कमी पडतोय." एकीला वाटलं आपणच चुकलो, तिने दुसरी पट्टी घेतली. तिसरी म्हणाली किताबेत चूक असेल आणि स्वतःच घाबरून गप्प झाली. मी काहीच बोलले नाही. पाच-सात मिनिटं गेली असतील, आणि मग वहीवाली मुलगी म्हणाली, सहाच्या जागी सात चौकोन पाडू, प्रत्येक चौकोन थोडा बारीक होईल पण कमी सगळ्यांचंच सारखं होईल. नवऱ्याला सातातले तीन, बहिणींना सातातले चार.

ह्याला फिक्हमध्ये औल म्हणतात. त्या मुलींनी औलची व्याख्या महिनाभर आधी पाठ केली होती. तिने ती वापरली नाही, तिने ती परत शोधली.

मौलाना दारात उभे होते. ते आत येऊन बसले आणि सांगायला लागले की अगदी हाच मसला दुसरे खलीफा हजरत उमर (रझि.) यांच्यापुढे आला होता, त्यांनी सहाबांशी, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांशी, सल्लामसलत केली आणि असंच सगळ्यांचं प्रमाणात कमी करायचं ठरलं. आणि मग त्यांनी जे एरवी वर्गात कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं, की पैगंबरांचे चुलत भाऊ इब्ने अब्बास (रझि.) यांना हे मान्य नव्हतं, त्यांचं म्हणणं नवऱ्याला पूर्ण अर्धा द्या आणि बहिणींना उरेल ते. सुन्नी चारही मझहब (फिक्हचे पंथ) औल मानतात, शियांचं जाफरी फिक्ह मानत नाही. लगेच एकीने विचारलं, मग इब्ने अब्बास त्याच वेळी का नाही बोलले? मौलाना म्हणाले, रिवायतमध्ये, म्हणजे पुढे सांगत आलेल्या हकिकतीत, आहे की त्यांनाही हे विचारलं गेलं होतं, आणि ते म्हणाले उमर यांचा दरारा होता.

त्या एका तासात अपूर्णांक होते, छेद समान करणं होतं, फिक्ह होतं, इतिहास होता, इख्तिलाफ म्हणजे मतभेदाचा अदब होता, आणि न बोलता राहिलेल्या माणसाची गोष्टही होती. नवीन सब्जेक्ट एकही नव्हता. नंतर मला कळलं की ९व्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर जे पुस्तक लिहिलं त्याचा मोठा भाग वारसाहक्क आणि मृत्युपत्राच्या हिशोबांचाच आहे. ज्याच्या किताबेच्या नावातून 'अल्जेब्रा' हा शब्द निघाला त्याने हे दोन तास कधी वेगळे केलेच नव्हते.

म्हणून मला सुधारकांमध्ये जे शिकवण्याच्या पद्धतीपर्यंत पोचले ते जास्त जवळचे वाटतात. इजिप्तचे मुहम्मद अब्दुह (१८४९ ते १९०५) लहानपणी तांतामध्ये शिकायला गेले, व्याकरणाच्या पुस्तकावरचं भाष्य पाठ करायला लावलं, दीड वर्षं बसले आणि एक अक्षर कळलं नाही, शेवटी पळूनच गेले. परत आले ते नात्यातले एक बुजुर्ग शेख दरवेश यांच्यामुळे. त्यांनी एक छोटी किताब हातात दिली, दोन-चार ओळी वाचायला लावायच्या आणि मग त्याचा अर्थ उलगडून सांगायचा, बस एवढंच. काही दिवसांत त्या मुलाला किताबेची गोडी लागली. हाच मुलगा पुढे इजिप्तचा मुफ्ती झाला आणि १८९५ पासून दहा वर्षं कैरोच्या अल-अझहर या जुन्या विद्यापीठाची व्यवस्था आणि शिक्षण बदलायला झटला, विरोध इतका झाला की शेवटी राजीनामा दिला. मला वाटतं त्या सगळ्या धडपडीच्या मुळाशी तांतातलं ते दीड वर्ष होतं.

आणि क्रिमियातले इस्माईल गास्प्राली. १८८४ मध्ये त्यांनी बख्चिसरायला एक छोटी शाळा काढली, त्यात एकच मोठा बदल, अक्षरांची नावं घोकायच्या ऐवजी आवाजावरून वाचायला शिकवायचं. महिन्या-दीड महिन्यात मुलं वाचायला लागली. ह्याला म्हणायचे उसूल-ए-जदीद, नवी पद्धत, आणि मध्य आशियापर्यंत जी अख्खी 'जदीद' चळवळ पसरली तिला हे नाव मिळालं ते अलिफ-बे शिकवण्याच्या पद्धतीवरून. एवढ्या मोठ्या चळवळीचं नाव पहिलीच्या वर्गातून आलं ही गोष्ट मी प्रत्येक नव्या टीचरला सांगते.

इतिहासकार इब्ने खल्दून (१४व्या शतकात) तर आजच्या बीएडला लावण्यासारखं लिहून गेलेत, विषय तीन फेऱ्यांत शिकवा, पहिल्यांदा ढोबळ, दुसऱ्यांदा तपशील आणि मतभेद, तिसऱ्यांदा अडलेलं काही शिल्लक ठेवू नका. पाठ करायच्या आखूड किताबांनी समज मारली जाते. आणि मुलावर फार सक्ती केली की ते खोटं बोलायला शिकतं, कारण मारापासून वाचायचा तोच मार्ग त्याला दिसतो. हे शेवटचं जिथे जिथे छडी बघते तिथे मला आठवतं.

२०व्या शतकातली तात्त्विक चर्चा थोडक्यात सांगते कारण तुम्ही विचारलंय. १९७७ मध्ये मक्केत मुस्लिम शिक्षणावर पहिली जागतिक परिषद झाली, तिथे तीन शब्द केंद्रात होते: तालीम (शिकवणं), तर्बियत (वाढवणं, संगोपन), तादीब (अदब लावणं). मलेशियाचे विचारवंत नकीब अल-अत्तास यांचं म्हणणं की खरा शब्द तादीब, कारण शिक्षणाचं काम अदब देणं, प्रत्येक गोष्टीची योग्य जागा ओळखायला शिकवणं. विचार खोल आहे, पण तो वर्गात उतरतो तेव्हा फार वेळा 'उस्तादांसमोर गप्प बसा' एवढाच उरतो, आणि हे अत्तास यांना नक्कीच अभिप्रेत नव्हतं. पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत इस्माईल फारूकी यांनी आधुनिक ज्ञानाचं इस्लामीकरण करायची योजना मांडली, त्यासाठी १९८१ मध्ये अमेरिकेत संस्था निघाली. पाकिस्तानी विचारवंत फझलुर रहमान यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ज्ञानावर योजना आखून शिक्के मारता येत नाहीत, विचार करू शकणारी माणसं घडवा, बाकीचं ती करतील. मी ह्या वादात फझलुर रहमान यांच्या बाजूची आहे. 'इस्लामी गणित' नावाचं पुस्तक मला नकोय, मला ती सातवा चौकोन पाडणारी मुलगी हवीय.

(तालीम शब्दाबद्दल एक राहिलं. मराठीत आपण पैलवानाची तालीम म्हणतो, नाटकाची तालीम म्हणतो. अंगात भिनेपर्यंत करत राहणं. माझ्या मते हा अर्थ मूळ शब्दाला शोभतो, निव्वळ माहिती देण्यापेक्षा खूपच जास्त.)

सरकारी पातळीवर इंडोनेशियाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९७५ मध्ये तीन मंत्र्यांच्या संयुक्त आदेशाने मदरशांमध्ये ७० टक्के सामान्य विषय आणि ३० टक्के दीनी असं ठरलं आणि सर्टिफिकेट सरकारी शाळांच्या बरोबरीचं झालं. मुलांना पुढचे दरवाजे उघडले, हे मोठं काम, ते कमी लेखू नये. पण टक्केवारीने भिंत पडत नाही, भिंतीच्या दोन्ही बाजूंना किती खुर्च्या ते ठरतं. मुलींच्या बाबतीत मात्र तिथे १९२३ मध्येच रहमा अल-युनुसिया यांनी पादांग पांजांगला मुलींची दीनी शाळा काढली होती, आणि ज्यांना हे 'नवीन फॅड' वाटतं त्यांनी ११व्या शतकातल्या करीमा मरवझिया यांचं नाव बघावं, मक्केत बसून बुखारी हा हदीसचा संग्रह शिकवायच्या, मोठमोठे आलिम (धर्मपंडित) त्यांच्याकडून सनद घेऊन गेले.

आता निधी. मी एका संस्थेत पाहिलंय, १२ कॉम्प्युटर आले, फोटो निघाले, आणि मग दोन वर्षं त्यांच्यावर शिवून घेतलेली कापडी झाकणं होती कारण शिकवणारं कुणी नव्हतं. सायन्सचा टीचर ठेवा, जरूर ठेवा, पण त्याचा तास जुहरनंतर (दुपारच्या नमाजानंतर) सगळे पेंगत असताना लावू नका आणि त्याला तुमच्या मौलानांबरोबर आठवड्यातून एक तास एकत्र बसवा. किब्ल्याची (नमाजात तोंड करायची) दिशा, चांद दिसण्याचा हिशोब, जकातीचं (धर्माने बंधनकारक दानाचं) शेकडा अडीच, फराइज, इतकं साहित्य घरातच पडलंय की वर्षभर पुरेल.

आणि त्याआधी एक बिनपैशाचं काम करा. तुमच्याकडे 'तकरार' चालते का बघा. मदरशात तकरार म्हणजे गाऱ्हाणं नाही हे तुम्हाला माहीतच आहे, धडा झाल्यावर मुलं गोल करून बसतात आणि त्यातला एक जण तोच धडा बाकीच्यांना परत शिकवतो. झर्नूजींची शिष्यांसाठीची जुनी किताब आहे, त्यात म्हटलंय की एक तासाची आपसातली चर्चा महिनाभराच्या घोकण्यापेक्षा चांगली. पण फार ठिकाणी तकरारही आता नुसती घोकंपट्टी झालीय. मौलानांची परवानगी घेऊन, त्यांचा पूर्ण मान ठेवून, एक आठवडा मागे जाऊन बसा. कागदावर दोन रकाने करा, उस्तादांनी विचारलेले प्रश्न आणि मुलांनी विचारलेले प्रश्न, आणि फक्त रेघा मारत जा. दुसऱ्या रकान्यात आठवडाभरात दहा रेघाही पडल्या नाहीत तर कॉम्प्युटरचं पुढच्या वर्षी बघा, हा कागद मौलानांपुढे ठेवा आणि त्यांनाच विचारा की हे कसं वाढवायचं. आमच्या मौलानांनी तेव्हा सिराजीचा एक तास माझ्या तासाला जोडून घेतला होता, कुणी न सांगता.